ग्रुप टूर, रिव्हर क्रूझ की आपलं आपण? बुकिंगच्या आधीचं काम, क्रमाने

जानेवारी संपत आला की मला फोन यायला लागतात. "यंदा युरोप करायचं म्हणतोय. कुठली कंपनी चांगली?" फोन कोथरूडचा असो की विमाननगरचा, क्रम ठरलेला. आधी कंपनी, मग किंमत, मग तारखा. आणि ॲडव्हान्स भरून झाल्यावर, फोन ठेवता ठेवता, "अरे हो, आईचे गुडघे दुखतात. चालेल ना?"

मी एजंट नाही. सासू-सासऱ्यांबरोबर ग्रुप टूर, आई-बाबांना घेऊन आपली आपण आखलेली सहल आणि एकदा राइनवरची बोट, असं तिन्ही करून झालंय. नंतर सोसायटीतल्यांचे कागद बघता बघता एवढं कळलं की चुका देश निवडण्यात फारशा होत नाहीत, त्या क्रमात होतात. म्हणून हा लेख क्रमाचा आहे. मधला टप्पा गाळू नका.

टप्पा १ : कोण जाणार ते आधी

कोरा कागद घ्या. जाणाऱ्या प्रत्येकाचं नाव लिहा आणि नावापुढे चार गोष्टी: सलग किती वेळ उभं राहता येतं, जिना चढता येतो का, पोटाला काय चालतं आणि सकाळी उठून तयार व्हायला किती वेळ लागतो. शेवटचं हसण्यावारी नेऊ नका. ज्यांना अंघोळ, पूजा, चहा आणि पेपर झाल्याशिवाय घराबाहेर पडवत नाही, त्यांना ग्रुप टूरचा सहाला वेक-अप कॉल, सातला नाश्ता आणि आठला बस हा शिरस्ता चौथ्या दिवशी नकोसा होतो.

"मी रोज तळजाईला जातो" हा पुरावा धरू नका. तळजाई टेकडी तासाभराची असते, पायाखाली माती असते आणि घरी येऊन पाय पसरता येतात. युरोपातल्या जुन्या शहरांत दगडी फरसबंदी असते, रांगा असतात आणि संग्रहालयात चालण्यापेक्षा उभंच जास्त राहावं लागतं. त्यामुळे रंगीत तालीम करा. शनिवारी सकाळी पर्वतीच्या १०३ पायऱ्या, दुपारी तुळशीबागेत दोन तास न बसता, संध्याकाळी पुन्हा अर्धा तास चाल. रविवारी हेच परत. सोमवारी सकाळी जो सगळ्यात जास्त कण्हतो, त्याच्या वेगाने सहल आखायची.

तपासा: कागदावरचा सगळ्यात हळू माणूस कोण आणि त्याला हे माहीत आहे का? माहीत नसेल तर तो "मला काही होत नाही" म्हणेल, आणि खरं काय ते तिकडे गेल्यावर कळेल.

टप्पा २ : कामांची यादी

माझ्या मते खरा निर्णय इथेच होतो, आणि नेमका हाच टप्पा सगळे गाळतात.

परदेशी सहल म्हणजे एक कामांचा ढीग आहे. मार्ग ठरवणं, तिकिटं काढणं, व्हिसाचे कागद जमवणं. बॅगा हॉटेलपासून स्टेशनपर्यंत आणि स्टेशनपासून पुढच्या हॉटेलपर्यंत नेणं. रस्ता शोधणं, जेवायची जागा शोधणं, तिथे मेनूकार्ड वाचून "यात अंडं आहे का" हे विचारणं. उद्याची गाडी किती वाजता आहे हे आज रात्री बघून झोपणं. आणि काही बिघडलं, म्हणजे गाडी चुकली, पाकीट गेलं, कुणाला ताप आला, तर ते निस्तरणं. तुम्ही कसेही गेलात तरी ही कामं करावीच लागतात. बदलतं ते एवढंच, की ती कोण करणार.

ग्रुप टूरमध्ये जवळजवळ सगळी कामं टूर मॅनेजर करतो. त्याची किंमत तुम्ही पैशांत देताच, शिवाय स्वतःच्या वेळेवरचा हक्क सोडून देता. रिव्हर क्रूझमध्ये बॅग, जेवण, मुक्काम आणि प्रवास ही चार मोठी कामं बोट करते. व्हिसा, विमान, बोटीपर्यंत पोचणं आणि मोकळ्या वेळेत गावात फिरणं बहुधा तुमच्याकडे राहतं. आपलं आपण गेलात तर सगळंच तुमच्याकडे. तुमच्याकडे म्हणजे खरं तर घरातल्या एकाच माणसाकडे.

म्हणून कामांची यादी करा आणि प्रत्येक कामापुढे करणाऱ्याचं नाव लिहा. "आपण सगळे मिळून बघू" हे नाव चालणार नाही. दहापैकी आठ कामांपुढे एकच नाव आलं, तर त्या माणसाला घरच्यांसमोर स्पष्ट विचारा: "तुझी सुट्टी यात जाणार आहे, चालेल का?" ज्यांना हे आवडतं असे लोक असतात; मी त्यातलाच. पण बायकोने किंवा मुलीने मनातल्या मनात नको म्हणत होकार दिला असेल, तर तिसऱ्या शहरात भांडण ठरलेलं.

टप्पा ३ : आता तिन्ही पर्याय त्या कागदाला लावून बघा

ग्रुप टूर: कार्यक्रमातली क्रियापदं वाचा

माहितीपत्रकातले फोटो बाजूला ठेवा आणि पेन्सिल घेऊन क्रियापदांखाली रेघा मारा. "प्रवेशासह" म्हणजे आत जाणार. "बाहेरून" म्हणजे बाहेरूनच. "फोटो स्टॉप" म्हणजे बस उभी राहील तेवढा वेळ. "ओरिएंटेशन टूर" म्हणजे बहुतेक सगळं बसच्या काचेतून. मी एकदा सासऱ्यांच्या टूरचा कागद असा वाचला तेव्हा १४ नामांकित ठिकाणांपैकी पाचांतच प्रवेश होता. फसवणूक नव्हती, सगळं छापलेलं होतं. वाचलं मात्र कुणीच नव्हतं.

मग रात्री मोजा. दहा रात्रींत सात हॉटेलं असतील तर बॅग सात वेळा भरायची आहे. सलग दोन रात्री एकाच ठिकाणी किती वेळा आहेत हे बघा. ज्येष्ठांसाठी निदान दोन-तीनदा तरी हव्यात. हॉटेलपुढे "अथवा तत्सम" आणि "शहर परिसरात" लिहिलेलं असेल, तर संध्याकाळी पायी बाहेर पडून गाव बघता येईल ही आशा सोडा.

बसबद्दल एक गोष्ट. युरोपियन युनियनच्या नियमाप्रमाणे ड्रायव्हरला साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटं थांबावंच लागतं आणि दिवसाला साधारण नऊ तासांपेक्षा जास्त चालवता येत नाही. त्यामुळे "जरा अर्धा तास थांबू या ना" हे टूर मॅनेजरच्या हातात नसतं. त्याच्यावर चिडू नका. उलट कार्यक्रमात एखाद्या दिवशी चारशे-पाचशे किलोमीटर दिसले, तर त्या दिवशी बघण्यासारखं फार उरणार नाही असं समजा.

ग्रुप टूर कुणासाठी? पहिल्यांदाच परदेशी जाणारे, भाषेची धास्ती असलेले, वरण-भात-पोळी दोन दिवसांतून एकदा तरी हवी असलेले आणि घरात कामं करणारा कुणी नसलेले. यात कमीपणा काहीही नाही. "आम्ही ग्रुपने जात नाही" हे पुण्यात उगाच प्रतिष्ठेचं झालंय.

थांबा: एकटे जाणार असाल तर जोडीदार कंपनी देणार की स्वतंत्र खोलीचे जादा पैसे पडणार, हे लेखी घ्या. तिघांच्या कुटुंबाने तिसरा पलंग खरा पलंग आहे की घडीचा, हेही विचारा.

रिव्हर क्रूझ: इथे प्रश्न जास्त विचारा

समुद्रातल्या क्रूझचं चित्र आधी डोक्यातून काढा. राइन किंवा डॅन्यूबवरच्या बोटी साधारण ११० किंवा १३५ मीटर लांब आणि फक्त ११.४ मीटरच्या आसपास रुंद असतात, कारण त्यांना नदीवरच्या जलपाशांच्या (बोट पाण्यासकट वर-खाली करणाऱ्या कप्प्यांच्या) चिंचोळ्या दारांतून जायचं असतं. प्रवासी शे-दीडशे, फार तर १९०. कॅसिनो नाही, घसरगुंड्या नाहीत, मुलांसाठी फारसं काहीच नाही. दहा वर्षांच्या नातवाला घेऊन गेलात तर तो तिसऱ्या दिवशी वाय-फायचा पासवर्ड मागत फिरेल. याचं सुख वेगळं आहे. बॅग एकदा उघडायची, कपाटात लावायची आणि विसरायची. बोट बहुधा रात्री चालते आणि सकाळी गावाच्या काठाला लागलेली असते.

आता प्रश्न. पहिला, खोली कोणत्या मजल्यावर? सगळ्यात खालच्या मजल्याला पाण्याच्या जरा वर एक आडवी, न उघडणारी खिडकी असते. स्वस्त असते आणि झोपायला उत्तम, पण लिफ्ट तिथपर्यंत जातेच असं नाही. कागदावर गुडघेवालं नाव असेल तर लिफ्ट कोणत्या मजल्यापासून कोणत्या मजल्यापर्यंत, हे ईमेलने विचारा. वरच्या मजल्याचे जादा पैसे भरताना हेही लक्षात घ्या की धक्क्यावर दोन-तीन बोटी एकमेकींना चिकटून उभ्या राहतात. मग तुमच्या काचेसमोर शेजारच्या बोटीतला एक गृहस्थ कॉफी पीत बसलेला असतो. आमच्या वाट्याला कोलोनमध्ये असाच एक आला. दोघांनीही एकदम पडदा ओढला. शिवाय अशा वेळी काठावर जायला शेजारच्या बोटीतून, कधी तिच्या गच्चीवरून जिने चढ-उतरून जावं लागतं.

दुसरा प्रश्न, बघण्यासारखा पट्टा दिवसा येतो का? ॲम्स्टरडॅम ते बाझेल या राइनच्या नेहमीच्या सात रात्रींत किल्ल्यांची खरी रांग रूडेसहाइम ते कोब्लेन्झ एवढ्याच टप्प्यात आहे. युनेस्कोच्या यादीत असलेला हा भाग साधारण ६५ किलोमीटरचा. डॅन्यूबवर तसाच वाखाउ, मेल्क ते क्रेम्स. हे दोन पट्टे बोट उजेडात पार करते का, हे तारीख-वेळेसकट विचारा.

तिसरा, बोट खरोखर त्या शहरात लागते का? "प्राग ते बुडापेस्ट रिव्हर क्रूझ" हे नाव वाचून लोकांना वाटतं बोट प्रागला उभी असेल. डॅन्यूब प्रागवरून जातच नाही. प्रागपासून जर्मनीतल्या पासाऊ किंवा त्याच्या आसपासच्या धक्क्यापर्यंत बसने जावं लागतं.

चौथा आणि महत्त्वाचा, पाणी. नदी आटते आणि नदी फुगते. ऑक्टोबर २०१८ मध्ये राइनच्या जर्मनीतल्या काऊब इथल्या मोजपट्टीवर आकडा २५ सेंटीमीटरवर आला होता. (तो आकडा म्हणजे नदीची खोली नव्हे, पण बोटवाल्यांचे चेहरे त्याच्यावरच ठरतात.) ऑगस्ट २०२२ मध्येही पाणी असंच खाली गेलं, तर जून २०२४ मध्ये दक्षिण जर्मनीतल्या पुराने डॅन्यूबवरची वाहतूक थांबली. अशा वेळी कंपनी अर्ध्या वाटेवर बोट बदलते किंवा चक्क बसने फिरवते. म्हणजे बोटीच्या किमतीत बस. हे बहुतेक करारांत बारीक अक्षरात आधीच लिहिलेलं असतं: मार्ग बदलला म्हणून परतावा नाही. तो परिच्छेद शोधा, वाचा आणि मान्य असेल तरच पुढे जा.

शेवटचं पोटाचं आणि तब्येतीचं. नदीवरच्या बोटीवर सहसा डॉक्टर नसतो. काठ जवळ असतो म्हणून गरज पडली तर किनाऱ्यावर नेतात. जेवण युरोपियन. शाकाहारी मिळतं, पण आधी कळवलं तर. आणि "शाकाहारी" याचा अर्थ आठवडाभर पास्ता, चीज आणि भाजलेल्या भाज्या असाही होऊ शकतो. लसूण-कांदा न खाणाऱ्यांनी लेखी उत्तर आल्याशिवाय पैसे भरू नयेत.

रिव्हर क्रूझ कुणासाठी? ज्यांची एखादी परदेशवारी झालीये, ज्यांना रोजची बॅग नको, पण गावात दोन तास आपलं आपण भटकायला आवडतं अशा जोडप्यांसाठी आणि मैत्रिणींच्या गटासाठी. चालण्याच्या फेरीत हळू चालणाऱ्यांचा वेगळा गट असतो का, ते विचारून ठेवा. बऱ्याच बोटींवर असतो.

पहिल्यांदाच नदीची चव घ्यायची असेल तर युरोपऐवजी नाईलचा विचार करा. लक्झर ते आस्वान साधारण चार रात्री, उलट्या दिशेने तीन. वाटेत एडफू आणि कोम ओम्बोची देवळं. खर्च कमी, दिवस कमी, आणि बोट आपल्याला मानवते की नाही ते कळतं.

आपलं आपण: मुक्काम कमी, बॅग त्याहून कमी

माझी सगळ्यात मोठी चूक इथलीच. व्हेनिसमध्ये हॉटेल घेतलं "स्टेशनपासून ६०० मीटर". नकाशात ते ६०० मीटरच होतं. त्यात दोन पूल होते हे मी पाहिलं नव्हतं, आणि व्हेनिसचे पूल म्हणजे पायऱ्या. चाकांच्या तीन बॅगा, त्यातली एक २३ किलोची, कारण आईने मेतकूट, चिवडा आणि छोटा कुकर घेतला होता. दुसऱ्या पुलाच्या मध्यावर आई पायरीवर बसली, पिशवीतून बेसनाचा लाडू काढला आणि म्हणाली, "तू बॅगा ठेवून ये, मी इथेच बसते." बाबा काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

तेव्हापासूनचा माझा नियम: आठ रात्रींत दोनच मुक्काम. तिसरा घ्यायचा असेल तर कागदावरच्या सगळ्यात हळू माणसाची परवानगी घेऊन. आणि प्रत्येकाने आपली बॅग स्वतः उचलून लिफ्टविना तीन मजले चढून दाखवायची. नाही जमलं तर बॅगेतून वस्तू काढा, मजले कमी करू नका.

मुक्काम ठरवताना चार गोष्टी बघा: स्टेशनपासून हॉटेलपर्यंतचा रस्ता फोनवर फोटोंसकट, इमारतीत लिफ्ट आहे का, खोली किती वाजता मिळते आणि शहराचा कर वेगळा भरायचा आहे का. मुंबईहून निघालेली बरीच विमानं युरोपात सकाळी उतरतात, आणि खोली मिळते दुपारी तीनला. रात्रभर अवघडून आलेल्या सत्तरीच्या माणसाला आठ तास बाकावर बसवू नका. आदल्या रात्रीपासूनची खोली घ्या, नाहीतर लवकर खोली मिळेल असं लेखी घ्या.

तिकिटांचं वेळापत्रक पाठच करा. आयफेल टॉवरची तिकिटं साधारण ६० दिवस आधी खुली होतात. ॲम्स्टरडॅमच्या ॲन फ्रँक हाउसची दर मंगळवारी, सहा आठवड्यांनंतरच्या भेटीसाठी. लूव्र मंगळवारी बंद, व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्यातला शेवटचा रविवार सोडून रविवारी बंद. फ्रान्स आणि इटलीतल्या वेगवान गाड्यांना रेल्वेचा पास असला तरी आसन वेगळं राखून ठेवावं लागतं. स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक गाड्यांना लागत नाही. म्हणून पहिल्यांदा आपलं आपण जाताय तर एकटं स्वित्झर्लंड करा. महाग आहे, पण चुकायला जागा कमी आहे.

तपासा: सगळं आखून झालं की एका पूर्ण मोकळ्या दिवसावर बोट ठेवता येतं का? येत नसेल तर तुम्ही ग्रुप टूरच आखलीये, फक्त टूर मॅनेजरचा पगार वाचवलाय.

मधली वाटही आहे. बऱ्याच मराठी टूर कंपन्या विमानाशिवाय, "जॉइनिंग-लीव्हिंग" पद्धतीने फक्त तिकडची टूर देतात. टूर संपल्यावर चार दिवस एकाच गावात आपलं आपण राहायचं. माझ्या पाहण्यात सगळ्यात समाधानी लोक हे असेच परतलेले आहेत.

टप्पा ४ : एकाच कागदावर तिन्ही हिशोब

जाहिरातीतली किंमत लिहायची नाही. प्रत्येक पर्यायाखाली एकाच क्रमाने ओळी लिहा: मूळ किंमत, जीएसटी, टीसीएस (पॅकेज विकणारा आपल्याकडून आधीच गोळा करून सरकारकडे भरतो तो कर), विमान, व्हिसा, विमा, समाविष्ट नसलेली जेवणं, प्रवेश तिकिटं, टिप, मुंबईला जाण्या-येण्याची टॅक्सी, घरातून बाहेर असतानाचे किरकोळ खर्च.

पॅकेजवर ५ टक्के जीएसटी लागतो. टीसीएसचा दर मात्र सतत हलता आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून सात लाखांपर्यंत ५ टक्के आणि पुढे २० टक्के होता. १ एप्रिल २०२५ पासून वर्षभर ती मर्यादा दहा लाख होती, नंतर दर पुन्हा बदलला. त्यामुळे गेल्या वर्षी जाऊन आलेल्या शेजाऱ्याचा आकडा धरू नका, बुकिंगच्या दिवशीचा दर सीएला विचारा. टीसीएस हा खर्च नाही. ज्याच्या पॅनवर कापला जातो त्याला तो आयकराच्या विवरणपत्रात वळता करून घेता येतो. इथेच घोळ होतो. पैसे मुलगा भरतो, पॅन आई-वडिलांचा दिला जातो, आणि ते विवरणपत्र भरत नाहीत. मग ती रक्कम अडकून राहते. पॅन कुणाचा हे आधी ठरवा, आणि नंतर आयकर खात्याच्या वार्षिक करविवरणात (फॉर्म २६एएस) आकडा दिसतोय का ते बघा.

फक्त विमानाचं तिकीट किंवा फक्त हॉटेल वेगळं घेतलं तर ते टूर पॅकेज धरलं जात नाही. आपलं आपण जाणाऱ्यांचा हिशोब इथे थोडा हलका होतो. मात्र कार्डावरचा परकीय चलनाचा अधिभार लिहायला विसरू नका. अनेक कार्डांवर तो दोन ते साडेतीन टक्के असतो. आणि तिकडे मशीनने "रुपयांत भरू का?" असं विचारलं तर नाही म्हणा. स्थानिक चलनातच भरा.

बेरीज झाली की रात्रींनी भागा. क्रूझ पहिल्या नजरेला फार महाग वाटते, पण तिच्यात जेवण आणि मुक्काम दोन्ही असतात. भागाकारानंतर हे अंतर कधीकधी अर्ध्यावर येतं, कधी तसंच राहतं. ते तुमच्या कागदावरच कळेल.

टप्पा ५ : तारखा

पुण्यातल्या घराला दोनच सुट्ट्या: मे आणि दिवाळी. मे युरोपसाठी चांगला, नाईलसाठी नाही. लक्झरला तेव्हा भाजून निघाल. नाईलला दिवाळी उत्तम. दिवाळीत राइन घेतलीत तर उन्हाळाअखेरच्या कमी पाण्याची जोखीम असते, हे आधीच स्वीकारा. ट्युलिपची बाग बघायचीच असेल तर नेदरलँड्समधली क्युकेनहॉफ साधारण मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतच उघडी असते. शाळेचा निकाल लागल्यावर निघालात तर फुलं गेलेली असतील.

टप्पा ६ : व्हिसा

पासपोर्ट आधी काढून बघा, फोनवर विचारू नका, हातात घेऊन बघा. शेंगेनसाठी (युरोपातल्या बहुतेक देशांना चालणारा एकच व्हिसा) परतीच्या तारखेनंतर तीन महिने वैध, गेल्या दहा वर्षांत काढलेला आणि दोन कोरी पानं असलेला हवा. बाकी अनेक देश सहा महिने मागतात, म्हणून सहा धरा. नाव, आडनाव, लग्नानंतरचं नाव, बँकेतलं नाव, आयटीआरमधलं नाव सगळीकडे एकच आहे का? नसेल तर सहल बाजूला ठेवून आधी हे काम. मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्राची तारीख मिळायलाही वेळ लागू शकतो.

शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून आणि किमान १५ दिवस आधी करता येतो. किमान म्हणजे नियमातलं किमान. निर्णयाला १५ दिवसांचे ४५ होऊ शकतात, आणि मार्च-एप्रिलमध्ये अपॉइंटमेंटच मिळत नाही. मेच्या सहलीचे कागद जानेवारीत तयार हवेत. अर्ज ज्या देशात जास्त रात्री आहेत त्याच्याकडे. रात्री समान असतील तर जिथून प्रवेश आहे त्याच्याकडे. कुठला अर्ज पुण्यात घेतात आणि कुठल्यासाठी मुंबई गाठायची, हे देशागणिक बदलतं. फी मोठ्यांना ९० युरो, वर सेवाशुल्क. नकार आला तरी परत नाही. विमा किमान ३०,००० युरोंचा. बोटांचे ठसे ५९ महिने चालतात, म्हणजे पूर्वी दिलेले असतील तर ज्येष्ठांची एक खेप वाचू शकते.

थांबा: एकदा प्रवेश की अनेकदा, हे तपासल्याशिवाय मार्ग पक्का करू नका. बुडापेस्टच्या खाली जाणारी डॅन्यूब क्रूझ बेलग्रेडला थांबते. सर्बिया शेंगेनमध्ये नाही. पुढे बल्गेरिया-रोमानिया आहेत, ते शेंगेनमध्ये आहेत. म्हणजे बाहेर पडून पुन्हा आत. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर बोट पुढे आणि तुम्ही काठावर. पॅरिस, मग लंडन, मग पुन्हा युरोप, या मार्गातही हेच. शिवाय ब्रिटनचा व्हिसा वेगळा.

बँकेच्या स्टेटमेंटमध्ये अर्जाच्या आदल्या आठवड्यात चार लाख आणून टाकू नका. ते उठून दिसतात. मुलाने खर्च करायचा असेल तर तसं पत्र आणि त्याची कागदपत्रं जोडा.

टप्पा ७ : पैसे भरण्याचा क्रम

आपलं आपण जाणाऱ्यांनी आधी रद्द करता येणारी हॉटेलं, मग व्हिसा, मग विमान आणि परत न मिळणारी तिकिटं. पाच हजार वाचवायला परत न मिळणारं हॉटेल घेऊन व्हिसाची वाट बघत बसलेले दोन जण मला दरवर्षी भेटतात.

ग्रुप आणि क्रूझवाल्यांनी ॲडव्हान्सआधी तीन उत्तरं लेखी घ्यावीत. कुटुंबातल्या एकाचाच व्हिसा नाकारला तर बाकीच्यांचं काय? कोणत्या तारखेनंतर किती टक्के जातात? पुरेशी माणसं न जमल्यास टूर दुसऱ्या तारखेत ढकलणार की पैसे परत देणार? क्रूझची उरलेली रक्कम बऱ्याचदा तीन-चार महिने आधी मागतात, म्हणजे व्हिसा हातात येण्याआधी. त्यामुळे व्हिसा नाकारल्यास परतावा मिळेल की नाही, हा प्रश्न तिथे दुप्पट महत्त्वाचा. "काळजी करू नका काका, आजवर कुणाचा नाकारला नाही" हे उत्तर नव्हे. ओळखीच्या एका कुटुंबाला असंच तोंडी आश्वासन मिळालं होतं. सुनेचा व्हिसा आला नाही, आणि कागद दाखवा म्हटल्यावर दाखवायला काहीच नव्हतं.

विमा घेताना मधुमेह, रक्तदाब, स्टेंट जे असेल ते लिहा. लपवलं तर हप्ता कमी बसतो आणि दावा नाकारला जातो.

टप्पा ८ : शेवटचा आठवडा

औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, चिठ्ठीवर औषधाचं मूळ रासायनिक नाव. निम्मी हातातल्या पिशवीत. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर शिक्क्याऐवजी फोटो आणि बोटांचे ठसे घेणं सुरू झालंय, त्यामुळे पुढचं विमान किंवा बोटीची वेळ अगदी जवळची ठेवू नका. क्रूझला तर एक रात्र आधीच पोचा. तुमचं विमान उशिरा आलं तरी बोट सहसा थांबत नाही.

आणि मुंबईचं विमान. लोहगावहून थेट परदेशी उड्डाणं मोजकीच, त्यामुळे बहुतेकांना मुंबईच. पहाटे दोनचं विमान असेल तर कोथरूडहून संध्याकाळी सहाला निघा, पावसाळ्यात पाचला. बोरघाटात एखादा कंटेनर आडवा झाला की चार तासांचे सहा होतात. टॅक्सीवाल्याला आदल्या दिवशी फोन करून गाडी मोठी आहे ना ते विचारा. चार माणसं बसतात, पण चार माणसं आणि चार बॅगा बसत नाहीत. तिकिटावरची तारीखही पुन्हा वाचा. १० तारखेच्या पहाटे दोनचं विमान पकडायला घरातून ९ तारखेच्या संध्याकाळी निघायचं असतं. ही चूक आमच्या सोसायटीत दोनदा झालीये.